मदत हवी आहे : मांडवीतील बेने इस्रायली ज्येष्ठांच्या आठवणी

कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबांची मांडवीत, १७९६ मध्ये स्थापन झालेल्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) परिसरात जी वस्ती झाली, तिच्या शेजारी खोजा, मेमन आणि कच्छी व्यापारी राहत होते. या शेजाराच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी हाती घेतले आहे. १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्रायलला गेली, त्यामुळे दिमोना, लोद येथील मराठी बोलणाऱ्या ज्येष्ठांपर्यंत कसे पोहोचावे, याचे मार्गदर्शन हवे आहे. सणांवर आणि मलिद्याच्या (गोड पोहे ठेवून करायच्या आभारप्रार्थनेच्या) विधीवर लिखाण झालेले आहे. मला मात्र भाडे, नळाचे पाणी, शाळा आणि शेजाऱ्यांशी झालेली भांडणेसुद्धा (तीच बहुधा अधिक बोलकी असतात) हवी आहेत. मुलाखतीपूर्वी लेखी संमती कोणत्या नमुन्यात घ्यावी आणि नातेवाईक समोर बसलेले असताना ज्येष्ठांना मोकळेपणाने बोलते कसे करावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.