अनुभव धागा : पिछोला तलावातील जगमंदिर

उदयपूरला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या संग्रही पिछोला तलावातील पांढऱ्याशुभ्र महालाचे छायाचित्र असते, परंतु तो महाल बहुधा जगनिवास असतो, म्हणजे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधलेला, 1746 मध्ये पूर्ण झालेला आणि आज हॉटेल म्हणून चालणारा. त्याच्या दक्षिणेकडील बेटावरचे जगमंदिर त्याहून सुमारे शंभर वर्षांनी जुने असून पर्यटकांना तेथे उतरता येते. या धाग्यात जगमंदिराविषयीच लिहावे, आणि होडीतून काय दिसले यापेक्षा बेटावर पाय ठेवल्यानंतर काय पाहिले ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

पुण्याहून, व्यवसायाने वास्तुरचनाकार

धक्क्यावरचे दगडी हत्ती सर्वांच्याच छायाचित्रांत येतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. माझा सगळा वेळ गुल महालात गेला. महाराणा करणसिंह यांच्या काळातील ही घुमटाची तिमजली वास्तू पिवळसर वालुकाश्माची असून आतील भागात रंगीत दगडांचे जडावकाम आहे. बापाविरुद्ध, म्हणजे जहांगीर बादशहाविरुद्ध, बंड करून उठलेला शाहजादा खुर्रम 1623 च्या सुमारास येथे आश्रयाला होता आणि तोच पुढे शाहजहान झाला, एवढ्या धाग्यावरून ताजमहालाची कल्पना त्याला इथेच सुचली असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला ते पटत नाही. त्याच सुमारास आग्र्यात इतमाद-उद-दौल्याच्या कबरीवर संगमरवरातील जडावकाम सुरू होते, ते याहून कितीतरी भरगच्च आहे, आणि भव्य घुमटाचा नमुना दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या रूपाने आधीपासून उभा होता. गुल महाल सुंदर आहे तो त्याच्या आटोपशीरपणामुळे. त्याला ताजचे आजोबा ठरवण्याची गरज नाही.

नाशिकहून, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र खुर्रमच्या मुक्कामाचे खरे नवल वेगळेच आहे. महाराणा प्रतापांचे पुत्र अमरसिंह यांच्यावर मोगल फौज घेऊन चालून आलेला आणि 1615 मध्ये त्यांना तह करायला लावणारा सेनानी हाच खुर्रम होता. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नसताना त्याला थारा दिला तो अमरसिंहांच्याच मुलाने, करणसिंहांनी. दोघांनी पगड्यांची अदलाबदल करून भाईचारा जोडला, अशी कथा मेवाडात आजही आवडीने सांगितली जाते. बेटावरचे बांधकाम करणसिंहांचे पुत्र जगतसिंह पहिले यांनी पुरे केले आणि जगमंदिर हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

ग्वाल्हेरहून

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे, त्यामुळे मेवाडात फिरताना आम्हा मराठी माणसांना थोडे अवघडल्यासारखे होते. 1769 मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला होता आणि महाराणा अरिसिंहांचे मंत्री अमरचंद बडवा यांनी शहर लढवले होते. (तलावाकाठची बागोरची हवेली याच अमरचंदांनी बांधलेली आहे; ती अवश्य पाहावी.) अखेर तह झाला आणि खंडणीच्या रकमेपोटी जावद, जीरण व नीमच हे परगणे शिंद्यांकडे गहाण पडले, ते मेवाडला कायमचे परत मिळाले नाहीत. आता जगमंदिराकडे येतो. याच नीमचला पुढे इंग्रजांची छावणी झाली, जून 1857 मध्ये तेथील शिपाई उठले आणि जीव घेऊन पळालेल्या गोऱ्या बायकामुलांना महाराणा स्वरूपसिंहांनी आणून ठेवले ते या बेटावर. मेवाडने गमावलेल्या गावातून आलेली माणसे मेवाडच्याच पाण्यात सुरक्षित राहिली, हे कळल्यावर मी अंगणातल्या काळ्या-पांढऱ्या फरशीच्या बागेत बराच वेळ बसून राहिलो. हा प्रसंग तेथील वाटाड्याने एका वाक्यात उरकला, आणि ताजची गोष्ट मात्र रंगवून सांगितली. महाराणांना ही बायकामुले दाखवायची नव्हती, सांभाळायची होती. म्हणून त्यांनी काठावरचे एवढे वाडे सोडून चहूबाजूंनी पाणी असलेली जागा निवडली, असे मला वाटते.

नागपूरहून

आम्ही गेलो तेव्हा 2000 नंतरची दुष्काळाची वर्षे होती आणि पिछोला कोरडा पडला होता. तळाच्या भेगाळलेल्या मातीवर गुरे चरत होती, मुले क्रिकेट खेळत होती. बेटाच्या पायथ्याचे एरवी पाण्याखाली राहणारे बांधकाम उघडे पडलेले आम्हाला जवळून पाहता आले. वरील प्रतिसाद वाचून मनात आले की, अशा एखाद्या वर्षी खुर्रम आला असता तर त्याला दुसरीकडे जावे लागले असते.

ठाण्याहून

वयस्क सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी लिहिते. राजवाड्याच्या आवारातील रामेश्वर घाटावरून होडी मिळते. तलावात फेरी मारणारी प्रत्येक होडी जगमंदिरावर थांबत नाही, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीवर तसे स्पष्ट विचारून घ्यावे. सूर्यास्ताच्या फेरीचे तिकीट महाग असते आणि गर्दीही त्याच वेळी उसळते. इमारती नीट पाहायच्या असतील तर सकाळी जावे. बेटावर लग्नसमारंभ होतात; त्या दिवसांत मंडपाच्या तयारीमुळे काही भाग बंद असू शकतो, तेव्हा लग्नसराईत जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच चौकशी केलेली बरी.