प्रतिसाद: गुडघ्याची झीज रक्तात सापडते का?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय की आईच्या गुडघेदुखीसाठी लॅबवाला कूर्चेच्या (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराच्या) तपासण्यांचं पॅकेज सांगतोय, करावं का? माझं मत, एवढ्यात नको.

कूर्चा झिजते तेव्हा तिच्यातल्या कोलॅजनचे आणि इतर प्रथिनांचे तुकडे सुटतात. त्यातला सीटीएक्स-२ हा कोलॅजनचा तुकडा लघवीत मोजतात, कॉम्प हे कूर्चेतलं दुसरं प्रथिन रक्तात. पण हे तुकडे कुठल्या सांध्यातून आले ते कळत नाही. कंबर, बोटं, दोन्ही गुडघे, सगळ्यांचा हिशोब एकत्र. कॉम्प तर नुसतं चालून आल्यावरही वाढतं. संशोधनात या मोजमापांचा उपयोग आहे, एकट्या माणसाच्या निदानाला अजून नाही.

एक्स-रे मात्र उभं राहूनच काढा! खानापूरकडच्या माझ्या मावशीचा झोपवून काढला होता, सांध्यातली फट चांगली दिसली आणि 'काही नाही' म्हणून परत पाठवलं. उभं करून काढल्यावर आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली. जन्मभर भाताची लावण केलेले गुडघे ते. एक्स-रेवरून झीज किती ते ठरवायची केलग्रेन-लॉरेन्सची ० (झीज नाही) ते ४ (खूप झीज) ही प्रतवारी १९५७ची, आजही तीच चालते. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, फटीवरून अंदाज बांधतात. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजातली सूज दिसते आणि तिचा दुखण्याशी संबंध असतो, पण सरसकट प्रत्येकाला त्याची गरज नसते.

ताई, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो का, गुडघा गरम लागतो का, हे आईंना विचारा. तसं असेल तर सूज आणणाऱ्या संधिवाताच्या (आमवातासारख्या) रक्ततपासण्या जरूर करा, त्या कूर्चेच्या पॅकेजहून वेगळ्या.