मातीची बाहुली मांडी घालून बसेल का?

सी ३०१: नमस्कार मंडळी 🙏 गणपतीच्या कार्यशाळेतली शाडू कोणाकडे शिल्लक आहे का? लेकीची नववीची परीक्षा संपली आणि तिने सांध्यांची बाहुली करायचं मनावर घेतलंय. गुडघे, कोपर, मान, मनगट, सगळं वळणारी. ऑनलाइन पाहिल्या तर किमती हजारोंत आहेत, म्हणून घरीच करू म्हणते.

ए १०२: आमच्या गॅलरीत अर्धी गोणी आहे. केव्हाही येऊन घेऊन जा.

बी ५०४: ताई, गोणी खाली आणायच्या आधी जरा थांबा. या बाहुल्या मी बरीच वर्षं करतेय, म्हणून सविस्तर लिहिते. शाडूचा गणपती सुंदर होतो, कारण मूर्ती एका जागी बसलेली असते आणि विसर्जनात ती विरघळावी हीच आपली इच्छा असते. सांध्यांच्या बाहुलीत प्रत्येक सांध्याला एका तुकड्याचा गोळा दुसऱ्याच्या खोबणीत बसतो, आणि सगळे तुकडे आतून ओवलेल्या इलॅस्टिकने एकत्र धरलेले असतात. ते इलॅस्टिक रात्रंदिवस ओढत असतं. न भाजलेल्या शाडूच्या पातळ कडा त्या ताणाने झडतात. शिवाय शाडू वाळताना आकसते. जाड आणि पातळ भाग कमी-जास्त आकसले की गोळा आणि खोबण एकमेकांत बसत नाहीत, आणि ही बाहुली उभी राहते ती फक्त गोळा खोबणीत नीट बसतो म्हणून.

सी ३०१: मग कोणती माती घेऊ?

बी ५०४: दुकानात 'एअर ड्राय क्ले' नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. हाताला हलकी, फुगीर लागते ती नको. तिच्यावर पॉलिश पेपर चालत नाही, ती नुसती ओरबाडली जाते. जड असते ती 'स्टोन क्ले' घ्या, तिच्यात दगडाची पूड असते. वाळल्यावर ती कोरता येते, घासता येते, आणि पाणी लावून वर नवी माती चढवता येते. ऑनलाइन मिळते, पण स्वस्त नाही. घरगुती करायची तर कागदाचा लगदा मिक्सरमधून बारीक काढून घट्ट पिळा, त्यात खडूची पूड आणि फेव्हिकॉल घालून मळा. नाजूक बोटं त्यात होत नाहीत, पण धड आणि हातपाय चांगले टणक होतात. पॉलिमर क्ले नको. ती ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंशांवर भाजावी लागते, आणि आत थर्माकोल असेल तर तो त्या उष्णतेत टिकत नाही.

सी ३०१: थर्माकोल कशासाठी? मूर्तीसारखी भरीव नाही करायची?

बी ५०४: नाही, आतून पोकळ. इलॅस्टिक आतूनच फिरतं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवला असेल तर तोच वापरा. मांडीचा, पोटरीचा, धडाचा आकार त्यात कोरायचा, हव्या त्या मापापेक्षा सगळीकडून चार-पाच मिलीमीटर बारीक. माती पोळीसारखी सारख्या जाडीची लाटून त्यावर गुंडाळायची. पूर्ण वाळली की करवतीच्या पात्याने बाजूने उभी चिरायची, थर्माकोल उकरून काढायचा आणि दोन्ही अर्धुकं पुन्हा चिकटवायची. सध्या पुण्यात मे महिना आहे, हवा कोरडी. वरचा थर भराभर वाळतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. तुकडे पंख्याखाली ठेवू नका. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, मग सावलीत, मधूनमधून उलटत.

सी ३०१: ताई, आता मी स्वतः लिहितेय, आईच्या फोनवरून. मी चेहरा आधी केला तर चालेल का? चेहऱ्याचं चित्र तयार आहे माझं.

बी ५०४: चित्र जपून ठेव बाळा. पण माझं ऐकशील तर चेहरा सर्वांत शेवटी कर. आत्ता डोक्याच्या जागी नुसता अंड्याएवढा गोळा पुरे. चेहरा रंगवायला सगळ्यांना आवडतं, मलाही. पण चेहरा सुंदर झाला की त्या डोक्याच्या मापाने शरीर ओढूनताणून बसवावं लागतं, आणि सांधा चुकला तर ते सुंदर डोकं घेऊन बाहुली आडवीच पडून राहते. ही बाहुली म्हणजे आधी सांधे, मग त्यांच्यामधली हाडं, मग मांस, आणि त्यानंतर माणूस.

बी ५०४: पहिलं काम कागदावर. ग्राफ पेपर चिकटवून मोठा कर आणि बाहुली खऱ्या मापात काढ, एकदा समोरून, एकदा बाजूने. पहिल्या वेळी ४० सेंटिमीटर उंची बरी. त्याहून लहान केलीस तर मनगट आणि घोटा फार बारीक होतात. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट धरतात, बाहुलीला सहा पट शोभते. म्हणजे तुझं डोकं साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास येईल. मग प्रत्येक सांध्यावर कंपासने वर्तुळ काढ. वर्तुळाचा मध्य दोन्ही चित्रांत हाडाच्या रेषेवरच आला पाहिजे. बाजूच्या चित्रात तो पुढेमागे सरकला असेल तर आत्ताच खोड, मातीत खोडता येत नाही.

सी ३०१: आणि मला ती मांडी घालून बसायला हवीय. नऊवारी नेसून, जात्यावर दळणारी बाई करायचीय. व्हिडिओतल्या बाहुल्या सगळ्या खुर्चीवर बसतात.

ए ६०४: हा प्रश्न माझ्या पेशाचा 🙂 फिजिओ म्हणून सांगते. शाळेत शिकलीस ना, खुब्याचा सांधा उखळीचा, गुडघ्याचा बिजागरीचा. मांडी घालताना गुडघा पूर्ण मिटतो हे खरं, पण अवघड काम खुबा करतो. मांडीचं हाड एकाच वेळी वर उचललं जातं, बाजूला जातं आणि बाहेरच्या अंगाला फिरतं. जमिनीवर बसायची सवय नसलेल्यांना मांडी जमत नाही तेव्हा गुडघ्याइतकाच खुबाही आखडलेला असतो. तुझ्या बाहुलीत या तिन्ही हालचाली कुठून येणार ते आधी ठरव.

बी ५०४: डॉक्टर, अगदी नेमकं सांगितलंत. मातीत ते असं येतं. एकच गोळा घातलेला गुडघा साधारण काटकोनापर्यंत वळतो, पुढे पोटरी मांडीला अडते. म्हणून दुहेरी सांधा करायचा. मांडी आणि पोटरीच्या मध्ये गुडघ्याचा स्वतंत्र तुकडा, वरखाली दोन्ही टोकांना गोलाई, आणि मागच्या बाजूने मांडी-पोटरीच्या कडा थोड्या कापून टाकायच्या. मग पाय जवळजवळ पूर्ण मिटतो. खुब्याला खोबण सरळ खाली तोंड करून कोरू नका, ती खाली, बाहेर आणि जरा पुढे पाहणारी हवी. तरीही मांडी पुरेशी फिरत नाही, म्हणून मांडीच्या वरच्या तिसऱ्या भागात आडवा छेद देऊन तिथे गोल फिरणारा जोड ठेवायचा. हल्लीच्या विकतच्या बाहुल्यांतही तो असतो. उभी असताना रेघ दिसते, पण नऊवारीत झाकली जाईल. मांडी घालणारी बाहुली मला स्वतःला फार हवीहवीशी वाटते. आपल्याकडे बाई दळते, निवडते, पोथी वाचते ती जमिनीवर बसून. तिची बाहुली खुर्चीवरच का बसावी?

ए १०२: लहानपणी आमच्याकडे लाकडाची ठकी होती. हातपाय काही हलायचे नाहीत, पण रोज रात्री उशाशी. हे हलणारे अवयव तिकडून आलेलं दिसतंय.

बी ५०४: आजी, सगळं तिकडचं नाही. मोहेंजोदडोला भाजलेल्या मातीचा बैल सापडलाय, त्याची मान वेगळी करून दोरीने जोडलेली, हलवली की डुलते. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात भाजलेल्या मातीच्या बाहुल्यांचे हातपाय दोऱ्यांनी बांधायचे. गोळा आणि खोबण या पद्धतीच्या छोट्या लाकडी मूर्ती १६व्या शतकात जर्मन कारागिरांनी केल्या. जपानमध्ये योत्सुया सिमोन या कलावंताने १९७८ मध्ये टोकियोत अशा बाहुल्यांची शाळाच काढली, आणि १९९९ मध्ये व्होक्स कंपनीने रेझिनच्या बाहुल्या आणल्यावर हा छंद घरोघरी गेला. आणि आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या आहेतच. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्रीत दोरी बाहेरून ओढते आणि अवयव सैल सोडलेले असतात. आपल्या बाहुलीत दोरी आत असते आणि सतत ताणलेली असते, म्हणून हात वर केला की तो वरच राहतो.

ए ७०३: माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. सांध्यांसकट तयार फाइल मिळतात. दोन दिवसांत अख्खी बाहुली काढून देतो, एवढा खटाटोप कशाला?

सी ३०१: थँक्यू दादा, पण मला हातानेच करायचीय.

बी ५०४: दादा, तुमची मदत घेऊच. १६, २० आणि २४ मिलीमीटरचे गुळगुळीत गोळे काढून द्या, खोबणी दाबायला साचा म्हणून उपयोगी पडतील. पण अख्खी बाहुली नको. मांडी घालणारी फाइल समजा मिळालीच, तरी खोबण अशीच का वळवली हे मुलीला कळणार नाही. एकदा हाताने गुडघा बसवला की पुढची फाइल ती स्वतः काढेल.

ए ७०३: पटलं. रविवारपर्यंत गोळे देतो.

बी २०१: मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं, म्हणून विचारतो. गोळा खोबणीत फिट झाला हे ओळखता कसं? नुसतं हाताने?

बी ५०४: काका, मी गोळ्यावर क्लिंग फिल्म गुंडाळून तो ओल्या मातीत दाबते. गोळ्याचा साधारण एक तृतीयांश आत जाईल इतकंच. अर्ध्याहून जास्त गेला तर सांधा वळत नाही, फार कमी गेला तर ताणाने घसरून बाहेर येतो. वाळल्यावर गोळ्यालाच पॉलिश पेपर चिकटवून तो खोबणीत फिरवते.

बी २०१: म्हणजे आमच्या भाषेत लॅपिंग, दोन भाग घासून एकमेकांत बसवणं. मग त्यात एक भर घाल. आम्ही बेअरिंगला निळा रंग लावून फिरवायचो, जिथे रंग उमटतो तिथेच दोन पृष्ठभाग टेकतात. इथे पेन्सिलीचं शिसं गोळ्यावर चोळ. खोबणीत काळी रिंग पूर्ण उमटली तर बसला. एकाच बाजूला डाग आला तर तेवढीच बाजू घास. सगळीकडे घासत बसलीस तर खोबण मोठी होत जाईल.

बी ५०४: काका, हे फार उपयोगी आहे. मी आजवर डोळ्यांनी आणि बोटांनीच अंदाज घेत आले. उद्याच करून बघते.

ए ६०४: आणि गुडघा वाकवल्यावर तो झटकन सरळ होऊ नये यासाठी काय करतात? व्हिडिओत काही बाहुल्या लाथ मारल्यासारख्या उडताना दिसतात.

बी ५०४: गोळ्याला नुसतं गोल भोक पाडलं की हेच होतं. पाय वाकला की इलॅस्टिक भोकाच्या कडेवर अडतं, लांब ओढलं जातं आणि पाय परत फेकतं. भोकाऐवजी लांबट फट कोरायची, गोळ्याच्या मध्यापासून पाय ज्या बाजूला मिटतो त्या बाजूपर्यंत. पाय मिटला की इलॅस्टिक फटीतून मागे सरकतं आणि मग तेच पायाला मिटलेलं धरून ठेवतं. उभं राहतानाचा ताण मध्यावर किंवा किंचित पुढे हवा. तरी सांधा घसरत असेल तर खोबणीत पातळ मऊ चामड्याची चकती चिकटवायची, पकड येते.

बी ५०४: ओवायचं असं. एक फास दोन्ही हातांसाठी, एका मनगटाच्या आकड्यापासून छातीतून दुसऱ्या मनगटापर्यंत. दुसरा दोन्ही पायांचा, घोट्यांपासून खुब्यातून, धडातून मानेतून वर, आणि डोक्यातल्या आडव्या आकड्याला अडकवलेला. त्यासाठी डोक्याची कवटी टोपीसारखी वेगळी निघणारी ठेवायची. आकडे स्टीलच्या तारेचे 'एस' आकारात वळवा, आणि हातापायात जिथे ते टेकतात तिथे एम-सीलने आडवी तार पक्की करा. ओढताना सुटू नये म्हणून फासात पेन्सिल अडकवून ठेवा. हे दोघांनी मिळून करायचं काम आहे.

ए १०२: नऊवारीचं मी बघते. ताग्यातलं नवं कापड घेऊ नका, कडक असतं, काष्टा खुब्यात अडकून बसेल. माझं जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालंय, त्याची पट्टी काढते. काठ मात्र बारीक विणीचा हवा, मोठा काठ बाहुलीवर शोभत नाही. चोळीला खणाचा तुकडा आहे माझ्याकडे.

बी ५०४: आजी, लुगड्याची पट्टी आत्ताच द्याल का? कापडाची जाडी धरूनच खुब्याची फट ठरवायला हवी.

सी ३०१: आजी 🙏 संध्याकाळी येते.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, घासकाम गच्चीवर करू नये. बाजूच्या दोन फ्लॅटमध्ये दम्याचे पेशंट आहेत आणि वारा तिकडेच जातो.

बी ५०४: बरोबर आहे काका. मातीची धूळ कोणाच्याच छातीत जाऊ नये, बाहुली करणाऱ्याच्याही. मुलीला मास्क सक्तीचा, आणि शक्य तेवढं घासकाम ओल्या पॉलिश पेपरने. १२० नंबरने आकार, मग २४०, शेवटी ४००. पाण्याचा हात हलका ठेवायचा, कारण ही माती भिजली की पुन्हा मऊ होते. घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ सुकवून कचऱ्यात टाका.

सेक्रेटरी: मग पार्किंगमधलं कॅरमचं टेबल वापरा. रविवारी सकाळी ते रिकामं असतं.

सी ३०१: मी उद्या रविवार पेठेत जातेय, बोहरी आळीतून काय काय आणू?

बी ५०४: गोल इलॅस्टिक, अडीच मिलीमीटर, पांढरं, तीन मीटर. ओढून बघून घ्या, सोडल्यावर लगेच मूळ लांबीवर यायला हवं. स्टीलची तार दीड मिलीमीटरची. पॉलिश पेपर तिन्ही नंबरचे. करवतीची दोन पाती. रंग आणि ब्रश आत्ता अजिबात नको, ते आपण पाय मिटायला लागल्यावर घेऊ.