रत्नागिरीत तीन दिवस: छायाचित्रांसाठी कुठे आणि कोणत्या वेळी जावे?

नागपूरकर_पाहुणा
नमस्कार. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी कुटुंबासह रत्नागिरीस पोहोचत असून तीन दिवसांचा मुक्काम आहे. माझ्याकडे जुना डीएसएलआर, १८-५५ची लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे. आजवर मी समुद्र तीनदाच पाहिला आणि तिन्ही वेळा मधोमध लाल ठिपका व खाली काळा पट्टा, एवढेच चित्र घेऊन परतलो. या वेळी तसे होऊ नये अशी इच्छा आहे. थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, मांडवी आणि आरे-वारे ही नावे ऐकून आहे. परंतु यांपैकी कोठे सकाळी जावे, कोठे संध्याकाळी आणि कोणते ठिकाण सरळ वगळावे, हे स्थानिक जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. भाचा सोबत लहान ड्रोन आणणार आहे, त्याचेही काही नियम असल्यास कळवावेत.

भाट्येकर
जागेआधी तिथी पाहावी, असे माझे मत आहे. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेथून सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्यापूर्वी भरतीचे छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रक पाहावेच.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की दत्तजयंतीला म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी सर्वांत मागे गेलेले असेल आणि डिसेंबरात सूर्य बुडतो सहाच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा अधिक ओसरते आणि भाट्ये किनाऱ्याच्या पुळणीवर (वाळूच्या पट्ट्यावर) ओल्या वाळूचा रुंद आरसा तयार होतो. ट्रायपॉड अगदी खाली घेऊन त्या आरशातले आकाश टिपावे, सूर्य चौकटीबाहेर राहिला तरी बिघडत नाही. त्याच वेळी पाठीमागे पूर्वेला चंद्र उगवत असतो. बहुतेक लोक समुद्राकडे तोंड करून उभे राहतात आणि तो त्यांना दिसतच नाही.

मांडवीची वाळू काळी आहे. कॅमेऱ्याचा मीटर तिला उजळ करू पाहतो आणि चित्र फिके पडते, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवावे. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असल्यामुळे जेट्टीवरून तो रत्नदुर्ग किल्ल्याच्या डावीकडे, मोकळ्या समुद्रात मावळतो. रविवारी मात्र तिथे भेळेच्या गाड्या आणि गर्दी यांखेरीज काही हाती लागणार नाही.

मिरकरवाड्याचा_शेजारी
वरील उत्तरात सगळा भर संध्याकाळवर आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने संध्याकाळी समोरून प्रकाश येतो आणि माणसे, होड्या यांच्या काळ्या आकृती होतात. सकाळी सूर्य पाठीशी किंवा बाजूला असतो, रंग खरे दिसतात. म्हणून एक सकाळ मिरकरवाडा बंदरासाठी राखून ठेवावी. उजाडताना लाँचींमधून पाट्या उतरत असतात, लिलावाचा पुकारा चालू असतो, आणि बर्फाच्या वाफेत तिरपा प्रकाश शिरतो तेव्हा तुमची १८-५५ची लेन्स पुरेशी ठरते. (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात येणाऱ्यांची निराशा होईल, तुमचा तो प्रश्न नाही.)

एक विनंती. तेथील बायका कामावर असतात, देखावा म्हणून बसलेल्या नसतात. आधी विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा खाली करावा. मी स्वतः पहिल्या वेळी न विचारता फोटो काढला आणि भर बाजारात चांगले ऐकून घेतले. पुढच्या खेपेस छापलेली प्रत नेऊन दिली, तेव्हापासून चहा मिळतो.

बंदर वरून पाहायचे असेल तर सकाळी आठच्या आत रत्नदुर्गाच्या तटावर चढावे. उत्तरेला खाली होड्यांची गर्दी आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर दिसतो, बाजूने येणाऱ्या प्रकाशामुळे प्रत्येक होडीची सावली वेगळी उठते.

ड्रोनबाबत: रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, बंदरेही आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील ड्रोन-नकाशावर त्या जागेचा रंग पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नये. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला काही सवलती आहेत, पण लाल क्षेत्रात परवानगीशिवाय त्यालाही मज्जाव आहे.

सड्यावरचा
समुद्र पाहायला आलेल्या पाहुण्याला समुद्रापासून दूर नेतो आहे, क्षमा असावी. रत्नागिरीच्या सड्यांवरील, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माळांवरील, कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी येथे जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, आणि राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. ही कोरीव रेघ उथळ असल्याने भर दुपारी ती जवळपास नाहीशी होते. सूर्य खाली असताना रेघेच्या एका काठाची सावली पडते, तेव्हाच आकृती उठून दिसते. संध्याकाळ तुम्ही किनाऱ्याला देणार असल्यामुळे दुसरी सकाळ उक्षीला द्यावी. रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. शिल्पावर पाय ठेवू नये.

नागपूरकर_पाहुणा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिथीचा हिशेब आमच्या आजोबांनाही ठाऊक नसणार, कारण आमच्याकडे भरती अंबाझरी तलावाला येत नाही. पहिल्या संध्याकाळी मांडवी, पौर्णिमेला सकाळी मिरकरवाडा व रत्नदुर्ग आणि संध्याकाळी भाट्ये, तिसऱ्या दिवशी सकाळी उक्षी, असे ठरवतो. थिबा राजवाडा आणि आरे-वारे वगळावे का?

भाट्येकर
राजवाडा वगळू नये, दुपारच्या कडक उन्हासाठी तो ठेवावा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला १८८५ साली देशाबाहेर काढल्यानंतर अखेर इथे आणून ठेवले. १९१० साली तो या वास्तूत राहायला आला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. उतरती छपरे आणि लाकडी कोरीव कामाच्या अर्धगोल खिडक्या आतून टिपल्या तर बाहेरचे ऊन आपोआप कामी येते. आतील संग्रहालयात कॅमेऱ्याला परवानगी आहे का, हे दाराशीच विचारावे. सोमवार असल्यास जाऊ नये. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि राजिवड्याच्या होड्या एका चौकटीत बसतात, सुकतीला त्यांतल्या काही होड्या चिखलात कलंडलेल्या असतात.

आरे-वारे तिसऱ्या संध्याकाळी करावे. खाली पुळणीवर न उतरता चढावरच्या वळणावर थांबावे; दोन्ही किनारे तिथूनच एकत्र दिसतात, आणि पाण्याची ओढ फसवी असल्याने मुलांना घेऊन खाली जाणे तसेही बरे नाही. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला लावावी. लेन्सवर बसलेला खार कोरड्या फडक्याने घासू नये, आधी किंचित ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यावा, अन्यथा ओरखडे नागपूरपर्यंत सोबत येतील.