हरिजागराची दोन ध्वनिमुद्रणे जुळवताना शेवटी पाव सेकंदाचा फरक पडतो

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या ज्ञानेश्वरी पारायणात यंदा शेवटच्या रात्रीच्या हरिजागराचे ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी झाले. मिक्सरमधून थेट रेकॉर्डरवर घेतलेल्या मुद्रणात बुवांचा आवाज आणि पेटी अगदी स्वच्छ आहे, पण टाळकऱ्यांचा गजर जवळजवळ नाहीच. मोबाईलवरचे मुद्रण स्पीकरपासून सुमारे १२ मीटरवर, सभामंडपाच्या मागच्या खांबापाशी झाले. त्यात टाळ, पखवाज आणि बसलेल्या मंडळींचे सूर भरभरून आहेत, मात्र बुवांचे शब्द धूसर ऐकू येतात.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक प्रणालीत दोन्ही ट्रॅक सुरुवातीला नीट जुळवले, तरी १ तास ४० मिनिटांनंतर मोबाईलचा ट्रॅक पाव सेकंद मागे पडतो. शिवाय जिथे दोन्ही जुळलेले वाटतात तिथेही बुवांचा आवाज रांजणातून आल्यासारखा पोकळ होतो. तिसरी अडचण अशी, की पुरंदरदासांचे कन्नड पद चालू असताना वीज गेली आणि सहा मिनिटे गायन माईकशिवाय झाले. रेकॉर्डर बॅटरीवर असल्यामुळे त्याची फाईल अखंड आहे, पण तेवढा भाग तिच्यात निःशब्द आहे. हे सारे एकसंध कसे करावे?

उत्तर १ (शहापूर, बेळगाव)

आपण दोन्ही मूळ फाईली जपून ठेवल्या असतील असे गृहीत धरतो. जे काही करायचे ते प्रतींवरच करावे.

प्रत्येक उपकरणातील घड्याळाचा स्फटिक किंचित वेगळ्या गतीने चालतो, हे मागे पडण्याचे कारण आहे. ६००० सेकंदांत पाव सेकंद म्हणजे दहा लाखांत सुमारे ४२ भागांचा फरक, आणि साध्या उपकरणांत एवढा फरक पडतोच. एक मुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे (म्हणजे ध्वनीच्या मोजमापांचे) आणि दुसरे ४८,००० नमुन्यांचे असल्यामुळे हे घडले असेल, अशी शंका घेऊ नये. ती गफलत झाली असती तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने सरकला असता आणि ते पहिल्या ओळीतच कानाला खटकले असते.

सुरुवातीचा आणि शेवटचा असे टाळेचे दोन स्पष्ट आघात दोन्ही ट्रॅकमध्ये शोधा, त्यांच्यामधील अंतर मोजा, मोबाईलचा तेवढाच भाग निवडा आणि गती बदलणाऱ्या ‘चेंज स्पीड’मध्ये टक्के न भरता नवी लांबी म्हणून मिक्सरच्या ट्रॅकमधील अंतर भरा, कारण टक्क्यांत हा आकडा ०.००४ च्या आसपास येतो आणि तिथे अचूकता हरवते. यामुळे सूर एका सेंटच्या (अर्धस्वराच्या शंभराव्या भागाच्या) दहाव्या भागाइतकाही हलत नाही. ‘चेंज टेम्पो’ मात्र टाळावे. सूर कायम ठेवण्यासाठी ते आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा सांधते आणि त्यात टाळेची धार बोथट होते.

पोकळपणाचे कारण वेगळे आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून १२ मीटरवर तो सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढा उशीर तसाच राहिला तर दुहेरी आवाज येतो, आणि अंदाजाने सरकवताना केवळ एका मिलिसेकंदाची चूक राहिली तरी ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही आवाज एकमेकांना खातात. बुवांच्या एखाद्या ठसठशीत अक्षरावर तरंगाचे चित्र पडद्यावर मोठे करून जुळवा. तरीही स्पीकर आणि टाळकरी मोबाईलपासून सारख्या अंतरावर नव्हते, त्यामुळे सगळे काही एकाच वेळी जुळणार नाही. म्हणून मोबाईलचा ट्रॅक मिक्सरपेक्षा १० ते १२ डेसिबल खाली ठेवावा आणि त्यातील २०० हर्ट्झच्या खालचा घुमारा कमी करावा.

विजेविना गेलेली सहा मिनिटे काढून टाकावीत, असे माझे मत आहे.

उत्तर २ (निपाणी)

लांबीचा आणि जुळवणीचा सल्ला अचूक आहे, पण सहा मिनिटे काढण्याला माझा विरोध आहे. माईक बंद पडल्यावर मंडळींनी ते पद उचलून धरले, हीच त्या रात्रीची खरी नोंद आहे; आपल्या भागात अभंगानंतर कन्नड पद येते आणि दोन्ही भाषांची माणसे ते एकत्र म्हणतात, हे पुढच्या पिढीला ऐकायला मिळाले पाहिजे.

मिक्सरचा आवाज तुटतो नेमक्या त्याच जागी मोबाईलचा ट्रॅक एकदम वर आणू नका. वीज जाण्याच्या अर्धा मिनिट आधीपासून तो इतका हळूहळू वाढवा, की श्रोता नकळत सभामंडपात मागे सरकून बसेल. सांधा बुवांच्या एकट्या आलापीत न घेता सर्वजण धृपद उचलतात तिथे, समेवर घ्या. संक्रमण, म्हणजे एक ट्रॅक उतरवत दुसरा चढवणे, तीन-चार सेकंदांचे असावे. जुळवलेल्या ट्रॅकमध्ये एकच आवाज दोन्हीकडे असतो, तिथे सरळ रेषेतले संक्रमण योग्य ठरते; समान शक्तीचे (मध्यभागी दोन्ही ट्रॅक अधिक मोठे ठेवणारे) वापरल्यास मध्यभागी पातळी ३ डेसिबलपर्यंत फुगते. टाळ्या किंवा कुजबुज अशा दोन ट्रॅकमध्ये एकमेकांशी न जुळणाऱ्या आवाजांना मात्र समान शक्तीचेच लागते.

मोबाईल आवाजाची पातळी आपोआप बदलतो, हेही ध्यानात असू द्या. स्पीकर बंद होताच त्याने मुद्रणाची पातळी वाढवली असेल आणि वीज आल्यावर पहिले काही क्षण आवाज फाटला असेल. तो फाटलेला भाग दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे मिक्सरचा ट्रॅक लगेच पुढे आणा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री टाळेचे दोन आघात मोजले तेव्हा फरक ०.२६ सेकंद भरला, आणि नवी लांबी दिल्यावर शेवटचा गजरही जुळला. पोकळपणा बराच कमी झाला आहे, फक्त पेटीच्या खालच्या सप्तकात थोडा उरला आहे. सहा मिनिटे ठेवणार आहे. वीज गेल्यावर क्षणभर सगळे थांबले, मग मागच्या बाजूने एका आजींनी पद पुढे नेले आणि बुवांनी त्यांच्याच पट्टीत सूर मिळवला, हे मिक्सरच्या फाईलवरून मला कधीच कळले नसते. तिथे धृपद दुसऱ्यांदा येते, त्याच समेवर आज सांधा घेऊन पाहतो.