गर्भारपणातले आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य : साथ मिळालेल्यांचे आणि देणाऱ्यांचे अनुभव

काल कपाट आवरताना मुलीच्या जन्मानंतरची वही हाती लागली. तिच्यात दूध पाजल्याच्या वेळा लिहिल्या आहेत आणि दर मंगळवारी अकराच्या पुढे 'फोन' एवढाच शब्द आहे. तो फोन बाळंतिणींना फोनवरून साथ देणाऱ्या एका स्वयंसेविकेचा असे. पहिल्या बाळंतपणानंतर तीही याच नैराश्यातून गेली होती. 'काही लागले तर फोन कर' असे मला अनेकांनी मनापासून सांगितले होते, परंतु तोंड धुणेही जड जात असताना नंबर शोधून 'मला बरे वाटत नाही' असे म्हणणे माझ्या आवाक्यातले नव्हते. मी तिला आपणहून एकदाही फोन केला नाही, तरी ती करत राहिली. तुम्हाला नेमके काय उपयोगी पडले, ते कृपया लिहा.

* * *

मी सहा वर्षे स्वयंसेविकेचे हे काम करते. फोन आपण करायचा, बाळंतिणीने करण्याची वाट पाहायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. कॅनडात ७०१ मातांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयीही तेव्हाच सांगितले होते. नैराश्याचा धोका अधिक असलेल्या या मातांपैकी ज्यांना अनुभवी मातांचे फोन जात होते, त्यांच्यात बारा आठवड्यांनी नैराश्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्के होते आणि इतरांमध्ये २५ टक्के. आम्ही उपचार करत नाही. मात्र या काळातले नैराश्य ओळखण्यासाठी वापरतात त्या एडिंबरा प्रश्नावलीतला दहावा प्रश्न, म्हणजे स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का, हा आम्ही न अडखळता विचारतो. विचारल्याने असा विचार मनात रुजेल ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात बहुतेक जणींना कोणीतरी विचारले म्हणून हायसेच वाटते.

* * *

मला सातव्या महिन्यातच हे सुरू झाले होते. सगळे म्हणत, बाळ झाले की आपोआप बरे वाटेल. तसे झाले नाही. वरच्या ताई, गर्भारपणातही स्वयंसेविका मिळते का?

* * *

मिळते, आणि तेव्हाच मिळावी. गर्भारपणातले नैराश्य अंगावर काढले तर ते बाळंतपणानंतरही चालू राहण्याची शक्यता बरीच असते.

* * *

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पहिल्या स्वयंसेविकेशी माझे जमले नाही. त्या चांगल्या होत्या, पण मी एक वाक्य बोलले की त्या स्वतःच्या बाळंतपणाची हकीकत सुरू करत. संयोजिकेला संकोचत सांगितले, तेव्हा त्यांनी कोणालाही बोल न लावता दुसरी स्वयंसेविका दिली. ती बहुधा गप्प असे. मी फोन स्पीकरवर ठेवून दुपट्यांच्या घड्या घालत असे, आणि एकदा चौथ्या की पाचव्या दुपट्याला मी म्हणाले की बाळ रडले की मला त्याच्याजवळ जावेसेच वाटत नाही. तिने 'असे म्हणू नये' म्हटले नाही, 'कधीपासून?' एवढेच विचारले. त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइडची तपासणीही करून घेतली, कारण प्रसूतीनंतर त्यात बिघाड झाला तरी असाच थकवा आणि उदासपणा येऊ शकतो.

* * *

मी पती म्हणून लिहितो आहे. प्रसूतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी पत्नी तीन रात्री झोपली नाही आणि बाळ बदलले गेले आहे असे सांगू लागली. घरातल्यांना वाटले, जागरणाने होत असेल. नेहमीच्या वेळी स्वयंसेविकेचा फोन आला तेव्हा तिने दोन मिनिटे ऐकून मला स्पष्ट सांगितले की हे माझ्या हातातले काम नाही, त्यांना एकटे सोडू नका आणि आत्ताच रुग्णालयात न्या. तो प्रसूतीपश्चात 'सायकोसिस' होता, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा गंभीर मनोविकार. हजार प्रसूतींमागे एखाद-दुसऱ्या स्त्रीला तो होतो आणि त्यावर तातडीनेच उपचार करावे लागतात. आपले काम कुठे संपते हे त्या बाईंना ठाऊक होते, म्हणून आमचा वेळ वाया गेला नाही.

* * *

धागा मीच काढला आहे, म्हणून विचारते : आपल्या पत्नी आता कशा आहेत?

* * *

बऱ्या आहेत, गोळ्या अजून चालू आहेत. मुलगा गेल्या आठवड्यात पालथा पडला. मी कामावर होतो. तिनेच फोन करून सांगितले.