निवृत्तीनंतरचा ताण
‘रिटायर झाल्यावर कसला आलाय ताण?’ असं कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहितोय. आई गेल्यावर बाबा पहाटे तीनलाच उठून बसायचे. सवयीने चहाचे दोन कप काढायचे, मग एक परत मांडणीवर ठेवायचे. बीपी वाढलं ते त्याच दिवसांत. गोळी सुरू झालीच, पण माणसांत आले ते कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागल्यावर. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाबा भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभे राहतात. आणि हो, सततची उदासी म्हणजे म्हातारपण नव्हे, तिच्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना झोपेचंही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, मोफत.